हासिएंडा : एका गिरणी-शहराची रात्र

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

डीजे हा शब्द आता आपल्या खेड्यापाड्यांत पोचला आहे. वरातीत डीजे असतो, मिरवणुकीत डीजे असतो, वाढदिवसालाही असतो. आपण म्हणतो, 'डीजे लावला', 'डीजे बंद करा', 'डीजेच्या आवाजानं खिडक्या हादरल्या'. भाषेत काम करणाऱ्या माणसाचं लक्ष अशा क्रियापदांकडे जातं. 'लावला' म्हणजे ती वस्तू झाली. आपल्याकडे डीजे म्हणजे ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत.

मुळात डीजे म्हणजे माणूस. डिस्क जॉकी, तबकड्या वाजवणारा. कोणतं गाणं आधी, कोणतं नंतर, एक संपता संपता दुसरं कुठे सुरू करायचं, समोरची माणसं थकली की काय करायचं, हे ठरवणारा. शब्द परदेशातून इकडे येताना वाटेत माणूस गळून पडला आणि भिंत तेवढी उरली. आज मला त्या गळून पडलेल्या माणसाबद्दल सांगायचं आहे. त्याच्या शेजारी गिटार घेऊन उभ्या राहणाऱ्या बँडबद्दलही सांगायचं आहे, कारण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतल्या जगाच्या तरुण संगीताचा मोठा भाग या दोघांच्या शेजारातून जन्मला.

आधी 'क्लब नाइट' म्हणजे काय ते पाहू. क्लब ही जागा असते, क्लब नाइट हा वार असतो. एकाच सभागृहात गुरुवारची रात्र एका नावानं चालते, शुक्रवारची दुसऱ्या नावानं. प्रत्येक रात्रीचा डीजे वेगळा, संगीत वेगळं, येणारी माणसंही वेगळी. आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. गावात गुरुवारचं भजन असतं, दर्ग्यात गुरुवारी कव्वाली असते, एकादशीला कीर्तन असतं. देऊळ तेच, दर्गा तोच, पण वार बदलला की मैफल बदलते.

या रात्रींच्या जाहिरातींत दोन शब्द हमखास दिसतात, इंडी आणि इलेक्ट्रो. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. मोठ्या कंपन्यांच्या दारात उभं न राहता छोट्या संस्थांनी काढलेलं संगीत, आणि ते वाजवणारे बहुतेक गिटारवाले बँड. मराठी वाचकाला हे समजायला सोपं आहे, कारण आपल्याकडे लिटल मॅगझिनची चळवळ होऊन गेली. प्रस्थापित मासिकं छापत नव्हती तेव्हा तरुण कवींनी आपली अनियतकालिकं काढली. चक्रमुद्रित कागद, थोड्या प्रती, खिशातला पैसा. त्या पातळ अंकांतून पुढची मराठी कविता आली. इंडीची गोष्ट तशीच, फक्त कागदाच्या जागी तबकडी.

इलेक्ट्रो म्हणजे यंत्रांचं संगीत. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरात १९७० मध्ये क्राफ्टवेर्क हा गट सुरू झाला. त्यांनी हळूहळू नेहमीची वाद्यं बाजूला ठेवून सिंथेसायझर आणि विजेवरचे तालयंत्र हाती घेतले. १९७७ मध्ये जॉर्जियो मोरोडर आणि पीट बेलॉट या निर्मात्यांनी डॉना समर या गायिकेकडून 'आय फील लव्ह' हे गाणं गाऊन घेतलं. तिच्या आवाजाखालची साथ जवळजवळ सगळी यंत्राची होती. घड्याळासारखा चालणारा तो ठेका नाचणाऱ्यांना वेड लावून गेला.

हे दोन प्रवाह एकमेकांकडे संशयानं पाहत. गिटारवाल्यांना वाटे, बटण दाबून वाजतं ते संगीत कसलं? नाचणाऱ्यांना वाटे, ही गिटारवाली पोरं सदा उदास, यांच्या गाण्यावर पाय हलणार तरी कसा? हे भांडण एका ओल्या, ढगाळ शहरात मिटलं. ते शहर म्हणजे इंग्लंडमधलं मँचेस्टर.

मँचेस्टर हे नाव आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकात जगाचं कापड तिथे विणलं जाई. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस बंद पडला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्याकडचा कापूस उचलला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र तिथल्या गिरण्या एकेक करून थंड झाल्या. १९७०च्या दशकात वाढलेल्या मुलांनी रिकामी गोदामं, फुटक्या खिडक्या आणि कामाच्या शोधात फिरणारे बाप पाहिले.

४ जून १९७६ रोजी तिथल्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये लंडनच्या सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा कार्यक्रम झाला. श्रोते फार थोडे, चाळीसेक असावेत असं सांगतात. वाजवणाऱ्यांना धड वाजवताही येत नव्हतं, आणि तीच त्या संध्याकाळची शिकवण ठरली. समोर बसलेल्या पोरांना वाटलं, एवढं तर आपल्यालाही जमेल. बर्नार्ड समनर आणि पीटर हुक हे दोघे मित्र त्यांत होते. त्यांचा बँड पुढे जॉय डिव्हिजन या नावानं ओळखला गेला.

१९७८ मध्ये टोनी विल्सन नावाचा दूरदर्शनवरचा निवेदक आणि त्याचा मित्र अ‍ॅलन इरॅस्मस यांनी 'फॅक्टरी' हे नाव घेऊन कार्यक्रम सुरू केले. मग त्याच नावाची रेकॉर्ड कंपनी निघाली. कारखाने बंद पडत चाललेल्या शहरात कंपनीचं नाव फॅक्टरी! इथला व्यवहार अजब होता. नफा निम्मा-निम्मा, आणि संगीताची मालकी कलावंताकडे. प्रत्येक गोष्टीला क्रमांक मिळे. पहिला क्रमांक एका भित्तिपत्रकाला मिळाला. पुढे तबकड्यांना मिळाले, एका मांजरालाही मिळाला. २००७ मध्ये विल्सन वारला तेव्हा त्याच्या शवपेटीला शेवटचा क्रमांक दिला गेला, ५०१.

जॉय डिव्हिजनचा गायक इयन कर्टिस यानं १८ मे १९८० रोजी आत्महत्या केली. तेवीस वर्षांचा होता. बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर निघणार होता, त्याच्या अगदी तोंडावर. मागे राहिलेल्या तिघांनी जुनं नाव टाकलं, गिलियन गिल्बर्ट ही तरुणी त्यांना येऊन मिळाली आणि 'न्यू ऑर्डर' हा बँड उभा राहिला. हे लोक न्यूयॉर्कला गेले तेव्हा तिथल्या नाचाच्या क्लबांत त्यांना वेगळंच जग दिसलं. काळे, गोरे, लॅटिन वंशाचे, सगळे एका तालावर, यंत्रांच्या संगीतात बुडालेले. मित्राच्या मृत्यूचं ओझं घेऊन आलेल्या या मुलांना वाटलं, अशी एक जागा आपल्या गावात हवी.

ती जागा २१ मे १९८२ रोजी उघडली. व्हिटवर्थ स्ट्रीट वेस्टवर कालव्याकाठी एक गोदाम होतं, तिथे पूर्वी नौका विक्रीला ठेवत. फॅक्टरी आणि न्यू ऑर्डर यांनी मिळून तिथे क्लब काढला. नाव 'हासिएंडा'. स्पॅनिश भाषेत हासिएंडा म्हणजे मळ्यातला वाडा. हे नाव इव्हान श्चेग्लोव्ह या तरुणानं १९५३ मध्ये पॅरिसमध्ये नव्या नगररचनेवर लिहिलेल्या एका निबंधातून आलं. कंटाळवाण्या शहरात कल्पनेला राहायला जागा उरली नाही, ती बांधली पाहिजे, असा त्या निबंधाचा सूर होता.

बेन केली या रचनाकारानं आतली सजावट केली ती पाहण्यासारखी होती. गालिचे नाहीत, मखमल नाही. लोखंडी खांबांवर पिवळे-काळे तिरपे पट्टे, कारखान्यात धोक्याच्या जागी मारतात तसे. नाचण्याच्या जागेच्या कडेला रस्त्यावरचे खुंट आणि अंधारात चमकणारे परावर्तक. बापाच्या कारखान्यातल्या खुणा मुलाच्या नाचघरात आल्या. त्या मुलांना तिथे जाताना दबून जावं लागलं नाही, याचं एक कारण मला हे वाटतं.

सुरुवातीची वर्षं मात्र हलाखीची. उंच छताखाली आवाज घुमे, शब्द कळत नसत, हिवाळ्यात थंडी वाजे. चांगला बँड असला की गर्दी. १९८३ मध्ये 'द स्मिथ्स' तिथे वाजवून गेले, आणि जानेवारी १९८४ मध्ये तेव्हा फारशी कुणाला माहीत नसलेली मडोना दूरदर्शनच्या एका कार्यक्रमासाठी तिथे गायली. एरवी एवढ्या मोठ्या दालनात मोजकी माणसं. खर्च चाले तो न्यू ऑर्डरच्या तबकड्यांवर.

त्यांतली एक तबकडी जगभर गेली. मार्च १९८३ मध्ये आलेलं 'ब्लू मंडे'. गाणं साडेसात मिनिटांचं. तालयंत्र, सिंथेसायझर, वर हुकची बेस गिटार आणि समनरचा कोरडा आवाज. गंमत म्हणजे कार्यक्रम संपल्यावर 'वन्स मोअर' देणं या बँडला आवडत नसे. बटण दाबून आपण निघून जावं आणि यंत्रानं वाजवत राहावं असं एक गाणं करू, यातून ते सुचलं, असं बँडमधल्यांनीच सांगितलं आहे. गिलियन गिल्बर्ट एकेक स्वर हातानं यंत्रात भरत होती. त्यात एक स्वर राहून गेला, सुरावट ठेक्यापासून किंचित सरकली, आणि तशीच ठेवली गेली. यंत्राच्या संगीतात माणूस कुठे असतो, असं कुणी विचारलं तर मी त्या निसटलेल्या स्वराकडे बोट दाखवीन. बारा इंची तबकड्यांत ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेली तबकडी हीच.

बँडनं यंत्र स्वीकारलं. आता डीजेकडे येऊ. त्यासाठी अमेरिकेतल्या शिकागोला जायला हवं. तिथे वेअरहाउस, म्हणजे गोदाम, याच नावाच्या क्लबमध्ये १९७७ पासून फ्रँकी नकल्स हा डीजे वाजवत असे. येणारे बहुतेक काळे आणि समलिंगी तरुण, ज्यांना इतर ठिकाणी मोकळेपणानं नाचता येत नव्हतं. वेअरहाउसमध्ये वाजतं ते संगीत म्हणून त्याला 'हाउस' नाव पडलं. त्याचा ठेका साधा. चार मात्रा, आणि चारही मात्रांवर ढोलाचा सारखाच ठोका. मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके.

डीजेची करामत इथे कळते. त्याच्यापुढे दोन तबकडीयंत्रं असतात. मात्सुशिता या जपानी कंपनीनं टेक्निक्स या नावाखाली १९७२ मध्ये काढलेलं आणि १९७९ मध्ये सुधारलेलं यंत्र या कामासाठी जगभर प्रमाण मानलं गेलं. त्याच्या कडेला एक सरकपट्टी आहे. ती वर-खाली केली की तबकडीचा वेग शेकडा आठपर्यंत कमी-जास्त होतो. एक गाणं लोकांना ऐकू येत असतं. दुसरं डीजे एका कानाला लावलेल्या हेडफोनमधून एकटाच ऐकत असतो. सरकपट्टीनं दुसऱ्याची लय पहिल्याशी जुळवतो, सम गाठतो, आणि हळूच पहिलं उतरवून दुसरं चढवतो. नीट जमलं तर नाचणाऱ्याला सांधा कळतही नाही. तबलजी साथीला बसताना गायकाची लय पकडतो, त्याच जातीचं हे काम.

पण लय जुळवणं ही फक्त कारागिरी. खरी कला समोरची माणसं वाचण्यात आहे. मी लहानपणापासून कव्वाली ऐकत आलो. चांगला कव्वाल श्रोत्यांवर नजर ठेवून असतो. एखाद्या मिसऱ्यावर कोपऱ्यातला म्हातारा डोलू लागला की कव्वाल पुढे जात नाही. तोच मिसरा पुन्हा, पुन्हा, टाळ्यांचा जोर वाढवत. ती अवस्था ओसरली की मगच पुढचा शेर. डीजे हेच करतो. जमाव पेटला की ठेका लांबवतो, थकला की आवाज पातळ करतो, ढोल काढून घेतो, आणि सगळे वाट पाहू लागले की तो परत देतो. पुनरावृत्तीला कंटाळा म्हणणाऱ्यांनी एकदा नामगजरात शेवटपर्यंत बसून पाहावं.

हासिएंडात माइक पिकरिंग हा डीजे शुक्रवारी वाजवी. १९८६च्या सुमारास शिकागोच्या हाउस तबकड्या त्याच्या हाती आल्या आणि त्यानं त्या वाजवायला सुरुवात केली. त्याच वर्षी गुरुवारी डेव्ह हॅस्लम हा डीजे 'टेम्परन्स क्लब' नावाची रात्र चालवू लागला. तिथे गिटारवाल्या इंडी गाण्यांना नाचाची गाणी खेटून येत. विद्यार्थी स्मिथ्ससाठी येत आणि जाताना हाउसवर नाचून जात. जुलै १९८८ पासून बुधवारी 'हॉट' नावाची रात्र सुरू झाली. ढगाळ मँचेस्टरमध्ये, क्लबच्या आत, छोटासा पोहण्याचा हौद! ओस पडलेलं गोदाम आता ओसंडू लागलं. बाहेर रांगा लागल्या.

या शेजाराचा परिणाम बँडवर झाला. हॅपी मंडेज, स्टोन रोझेस हे मँचेस्टरचेच बँड. गिटार त्यांच्या हातात होती, पण ढोलाचा बाज बदलला, गाणी नाचण्याजोगी झाली. ८०८ स्टेट या गटानं तर रोलँड कंपनीच्या ८०८ या तालयंत्राचंच नाव घेतलं. केमिकल ब्रदर्स म्हणून पुढे जगभर गाजलेले टॉम रोलंड्स आणि एड सिमन्स हे दोघे मँचेस्टर विद्यापीठात इतिहास शिकताना भेटले आणि याच वातावरणात तयार झाले. आज कुठल्याही तरुण बँडच्या मंचावर ड्रमच्या शेजारी लॅपटॉप दिसतो आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. त्यामागे अशा अनेक रात्री आहेत.

या यंत्रांचा एक धागा थेट मुंबईला येऊन मिळतो. रोलँडचंच टीबी-३०३ नावाचं एक छोटं यंत्र होतं. एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून केलेलं. ते साथीला काही बरं वाजेना, खपेना, आणि १९८४ मध्ये कंपनीनं बंद केलं. शिकागोच्या पोरांनी ते जुन्या बाजारातून स्वस्तात उचललं आणि खटके पिळून त्यातून कण्हणारा, ओरखडणारा आवाज काढला. १९८७ मध्ये फ्यूचर या गटाची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही तबकडी आली आणि 'अ‍ॅसिड हाउस' नावाची शैली जन्मली, असं इतिहास सांगतो.

पण त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२च्या सुमारास, मुंबईत चरणजित सिंग नावाचे वादक हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवत होते. त्यांनी हेच ३०३ आणि तेच ८०८ घेऊन दहा रागांची तबकडी केली. भैरव, ललित, यमन, मालकंस... खाली डिस्कोचा ठेका. ३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. आपल्या कानाला ती मींडेसारखी वाटते. तबकडी खपली नाही, लोक विसरले. २०१० मध्ये एका डच संग्राहकानं ती पुन्हा काढली आणि ऐकणारे थक्क झाले. अ‍ॅसिड हाउस जन्मण्यापूर्वी इथे भैरव त्याच आवाजात वाजून गेला होता! उतारवयात चरणजित सिंग ही यंत्रं घेऊन युरोपात वाजवून आले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

मला या गोष्टीत एक दुःख दिसतं. यंत्र तेच, कल्पना त्याहून धाडसी, वादक तयारीचा. नव्हती ती एक जागा. मुंबईत तेव्हा अशी शुक्रवारची रात्र असती, दर आठवड्याला तीच दीड-दोनशे पोरं येत असती, तर ती तबकडी कुणीतरी वाजवली असती, कुणीतरी त्यापुढची केली असती. कलावंत एकटा नवं करू शकतो, पण ते टिकायला आणि वाढायला ऐकणाऱ्यांचा ठरलेला अड्डा लागतो.

आता या गोष्टीची काळी बाजू. नाचाबरोबर एक्स्टसी नावाची अमली गोळी आली. जुलै १९८९ मध्ये हासिएंडात ही गोळी घेतलेली सोळा वर्षांची मुलगी मरण पावली. गोळ्यांच्या धंद्यामागून टोळ्या आल्या, दारावर पिस्तुलं दिसू लागली. पोलिसांनी क्लब बंद करण्याचा प्रयत्न केला. १९९१च्या सुरुवातीला मालकांनी स्वतःच काही महिने तो बंद ठेवला. यात हळहळण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते झाकून ठेवून या रात्रीचं कौतुक करणं अप्रामाणिकपणाचं होईल. आपल्याकडे डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिल आवारातल्या आगीत चौदा माणसं गेली. तिथे कारण वेगळं होतं, पण मुद्दा एकच. रात्र उघडणाऱ्यानं रात्र सांभाळलीही पाहिजे. बाहेर पडायची वाट, प्यायला पाणी, दारावर शहाणा माणूस, घेरी आलेल्याला बसवायला जागा.

सरकारनंही आपल्या परीनं उत्तर दिलं. शहराबाहेर मोकळ्या मैदानांत रात्रभर चालणारे नाच रोखायला ब्रिटनमध्ये १९९४ मध्ये कायदा झाला. त्यात संगीताची व्याख्या करताना एकापाठोपाठ पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठोक्यांचा उल्लेख आहे. ठेक्याची पुनरावृत्ती कायद्याच्या कलमात! आपल्याकडे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, ती आवाजाला आहे, तालाला नाही. आणि ती मला योग्य वाटते. रस्त्यावरची भिंत आजारी माणसाला, तान्ह्या मुलाला, अभ्यास करणाऱ्या मुलीला विचारत नाही. क्लबच्या दारातून आत जाणारा आपण होऊन जातो. हा फरक लहान नाही.

हासिएंडा बुडाला तो मात्र पैशापायी. गोळी घेणारी पोरं बिअर पीत नसत, पाणी पीत, आणि क्लबचा गल्ला भरतो तो बारवर. दालन खचाखच, तिजोरी रिकामी. नोव्हेंबर १९९२ मध्ये फॅक्टरी कंपनीचं दिवाळं निघालं. एका मोठ्या कंपनीनं ती विकत घ्यायचं ठरवलं, तेव्हा कळलं की जुन्या करारामुळे संगीत कलावंतांच्याच मालकीचं आहे, विकायला फारसं काही नाहीच. जून १९९७ मध्ये हासिएंडात शेवटची रात्र झाली. २००२ मध्ये इमारत पाडली. तिथे आज सदनिका आहेत, आणि त्या इमारतीचं नावही हासिएंडाच. पीटर हुकनं २००९ मध्ये आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्याच्या नावाचाच अर्थ आहे, 'क्लब कसा चालवू नये'.

हिशेबाच्या वहीत ही पंधरा वर्षं तोट्याची. पण त्याच शहरात २०२३ मध्ये फॅक्टरीचं नाव घेऊन एक भव्य कलाकेंद्र सुरू झालं. २०१६ पासून त्या क्लबचे जुने डीजे मँचेस्टर कॅमेराटा या वाद्यवृंदाबरोबर, व्हायोलिनवाल्यांबरोबर, तीच गाणी सादर करत आले आहेत. ज्या तोट्यानं मालक बुडाले, त्याच तोट्यावर शहरानं पुढे नाव कमावलं. आणि त्याच २०२३ साली ब्रिटनमध्ये छोट्या बँडना जागा देणारी १२५ ठिकाणं बंद झाली, असं तिथल्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट या संस्थेनं सांगितलं. मोठी इमारत उभी राहते आणि तिला कलावंत पुरवणारी लहान दालनं मिटत जातात.

हासिएंडा उघडला त्याच्या चार महिने आधी, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईत गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. गिरणगावालाही स्वतःची रात्र होती. भजनी मंडळं, लालबागचं हनुमान थिएटर आणि तिथला तमाशा, अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांची कलापथकं, नारायण सुर्व्यांची कविता. गिरण्या गेल्या तशी ती रात्रही विस्कटली. १९९१च्या नियमानं गिरण्यांच्या जमिनीतला वाटा मोकळ्या जागेला आणि घरांना मिळायचा होता. २००१च्या बदलानंतर तो पुष्कळ आटला. २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिल आवारात 'ब्लू फ्रॉग' हा क्लब निघाला. देशातल्या कितीतरी स्वतंत्र बँडना आणि डीजेंना त्यानं चांगला मंच दिला, हे मान्य केलं पाहिजे. २०१६ मध्ये तोही बंद झाला. पण तिथल्या तिकिटाचा आणि पेल्याचा दर समोरच्या चाळीच्या खिशाला पेलणारा नव्हता. मँचेस्टरमध्ये गिरणी-शहराच्या पोरांनी गोदामात स्वतःची रात्र उभी केली. आपल्याकडे गिरणीत रात्र आली ती दुसऱ्यांची.

म्हणून मला वाटतं, अशा रात्रीकडे नुसता धिंगाणा म्हणून पाहू नये आणि नुसता धंदा म्हणूनही पाहू नये. आज आपल्या तालुक्याच्या गावात पोरं मोबाइलवर ताल जुळवतात, आपल्या बोलीत गाणी रचतात, झोपण्याच्या खोलीत ध्वनिमुद्रण करतात. त्यांच्यापाशी यंत्रं आहेत, कल्पना आहेत. नाही ती ठरलेल्या वाराची जागा. नगरपालिकेची नाट्यगृहं आठवड्यातले कितीतरी दिवस कुलुपात असतात. महिन्यातली एक संध्याकाळ, माफक भाडं, दारू नाही, आवाजाला मर्यादा, दहाला समाप्ती. आधी दोन बँड, मग तासभर डीजे. बसायला मागे खुर्च्या, पुढे उभं राहायला मोकळी जागा.

पहिल्या महिन्यात वीस-पंचवीस माणसं येतील. दुसऱ्या महिन्यात कदाचित पंधरा. सहा महिने कुणीतरी तोटा सोसायला हवा. तेवढं झालं तर निदान एक गोष्ट नक्की घडेल. त्या गावात पुढच्या वेळी कुणी 'डीजे' म्हटलं, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भिंत येणार नाही. कुणाचा तरी चेहरा येईल.